आधीच दिलेली ओ

१

मला अक्षर ओळखता येत नाही. पण कान आहेत, आणि एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. उभा जन्म मागावर गेला. सूत नेणारा धोटा अडकणार, सूत तुटणार, हे मी चुलीपुढं भाकरी थापत नुसतं ऐकून सांगायची आणि मालक, म्हणजे माझा नवरा, पलीकडच्या खोलीत माग थांबवायचे.

वडगावातलं आमचं घर सरळ एका ओळीत आहे. पुढं बसाउठायचा सोपा, मधे स्वयंपाकघर, शेवटाला मागाची खोली. मालक गेले, लॉकडाउनात धंदा बसला, आणि माझ्या लेकानं, दीपंकरनं, माग मोडीत घातले. भिंतीला तेलाचे काळे डाग तेवढे राहिले. आता त्या खोलीत माझी नात बसते. पारमिता तिचं नाव, मी पारू म्हणते. ती रांगत होती तेव्हा तिची आई वारली. तेव्हापासून तिची आई मीच, आणि माझं जे काही म्हणून आहे ते ती.

पारू कॉम्प्युटर शिकली. एका पतसंस्थेच्या शाखा आहेत, निपाणी, चिकोडी, खानापूर, अशा गावोगावी. तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांत प्रोग्राम घालायचे, जुने झाले की काढून नवे घालायचे, हे तिचं काम. त्यासाठी ती कुठं जात नाही, इथंच बसून करते. तिच्या पडद्यावर चित्र नाही, रंग नाही. सगळं काळं आणि त्यावर पांढरी अक्षरं.

"बंद पडलंय व्हय गं हे?" मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं.

"न्हाय गं. ह्योच खरा कॉम्प्युटर. चित्रं बाकीच्या लोकांसाठी. इथं एक ओळ लिहायची, तिकडं निपाणीत काम व्हतंय. आधी आपल्या मशीनवर घालून बघायचं, बरं चाललं की मग सगळीकडं."

ती ओळ लिहायला लागली की सुपात जोंधळे पडल्यासारखा आवाज यायचा. मग ती थांबायची. मग दोन ठोके. एक हलका, एक जड.

"हे दोन कशाचे?"

"ते विचारतंय, घालू का म्हणून. आपण हलक्यानं 'हो' म्हणायचं आणि जडानं पुढं सोडायचं."

दिवसभर मला हेच ऐकू यायचं. जोंधळे, गप्प, दोन ठोके. आणि भिंतीपलीकडं यल्लव्वाचा माग. तो अजून चालतो. जुना आहे, दर फेऱ्याला एक ठोका चुकवतो. मी उठताना माझे गुडघे कट्कन वाजायचे, पारू आतनं ओरडायची, "आज्जी उठली." असं आमचं चाललं होतं.

२

एक दिवस ते दोन ठोके बंद झाले.

जोंधळे पडले आणि पुढं काहीच नाही. मला वाटलं पोरीला बरं नाही. जाऊन बघितलं, तर पाय वर घेऊन निवांत मोबाइल बघत बसलेली.

"ठोके का न्हाईत गं आज?"

"तुझं कान म्हंजे लई अवघड हाय आज्जी." ती हसली. "दर खेपेला हो म्हणून बोटं दुखत्यात. म्हणून त्या ओळीतच एक शब्द घालून ठेवलाय. कुणी काय बी विचारलं तर उत्तर हो. आधीच देऊन टाकलंय. आणि आणखी एक शब्द हाय, गपचूप. मशीनवर जो बसलाय त्याला कळत बी न्हाय, आत नवं आलं ते. जुनं गेलं, नवं आलं, नाव तेच, जागा तीच. रोज दुपारी जेवायच्या वक्ताला आपोआप व्हतंय."

"कोण विचारतंय, ते न बघता हो?"

"मशीन विचारतंय गं. त्यात बघायचं काय?"

आता इथं एक सांगायला पाहिजे. माझी आई येळ्ळूरची. तिचा एक नेम होता. ऊन डोक्यावर असताना कुणी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ती म्हणायची, माणूस असंल तर पुन्हा हाक मारतंय, त्याला काम असतंय. दुसरं जे असतंय, त्याला एकच ओ पुरती.

मालकांनी घरात बुद्धाची तसबीर लावली त्या दिवशी लिंबू, बिब्बा, उतारा, सगळं बाहेर काढलं. मीही हातभार लावला. भूतखेत मी मानत नाही. ही एक सवय मात्र अंगात राहिली, आणि माझ्या अंगाखांद्यावर वाढली म्हणून पारूलाही लागली. हाक मारली की आधी गप्प. दुसऱ्या हाकेला, "काय गं?" दीपंकर वैतागायचा. म्हणायचा, घरात दोन बहिऱ्या पाळल्यात मी.

तेव्हा मी पारूला म्हटलं, "पोरी, पहिल्या हाकेला आपण ओ देत न्हाय. तू तर हाक यायच्या आधीच देऊन ठेवलीस."

ती हसत सुटली. मीही हसले. बोलून गेल्यावर तोंडात कडू काही राहावं तसं मात्र वाटत राहिलं.

३

आधी दार बदललं.

मागाच्या खोलीचं दार कुरकुरायचं. लाकूड फुगलेलं, खाली फरशीला घासायचं. त्या फरशीवर अर्ध्या चंद्रासारखी ओरखड्याची खूण पडली होती. एके दुपारी पारू बाहेर आली आणि मला दार ऐकू आलं नाही. मी जाऊन ढकललं. लोण्यातनं सुरी जावी तसं गेलं. फरशीवर बघितलं, खूण नव्हती.

दीपंकर कोर्टात एका वकिलाकडं कारकून आहे. संध्याकाळी आल्यावर त्याला विचारलं, "दाराला तेल घातलंस व्हय?"

"मी कधी घालणार? पारूनं घातलं असंल."

"आणि फरशी?"

"फरशी काय?"

"ओरखडा गेलाय."

"आई, घासली असंल की कुणीतरी. चांगलं झालं तर त्याची बी चौकशी?"

खरं होतं त्याचं. मी मनाला तेच सांगितलं. मग ते लंगडं स्टूल लंगडेनासं झालं. मी त्याचे पाय चाचपून बघितले. खाली कागदाची घडी असायची, ती नव्हती. भिंतीवरचे तेलाचे डाग एका कोपऱ्यापासून फिके होत चालले. कुणी चुना लावला म्हणावं, तर चुन्याचा वास नाही. डाग असलेली भिंत काढून नेली आणि बिनडागाची आणून उभी केली, असंच वाटायचं. आणि हे सगळं दुपारच्या जेवणाच्या वक्ताला, खोलीत कुणी नसताना.

एक दिवस सकाळी न्याहारी करता करता पारूच म्हणाली, "आज्जी, माझ्या मशीनवर एक काय तर आलंय. मी घातलेलं न्हाय."

"काय हाय?"

"तेच कळंना. नावाच्या जागी काहीच न्हाय, मोकळं. काढून टाकलं, दुसऱ्या दिवशी परत हजर." ती हे हसत सांगत होती, पण घास तिच्या हातातच होता.

"मग ते काढत बसू नको. हो म्हणून ठेवलंयस ते आधी काढ."

"व्हय, तेच करायला पाहिजे. पण सगळ्या शाखांचं काम त्याच ओळीवर चाललंय. एवढं हातातलं संपू दे." घास परत ताटात ठेवून म्हणाली, "दुपारी खोलीत बसावंसं वाटत न्हाय बघ. मी असताना ते चालू व्हतंय आणि..."

"आणि काय?"

"काय न्हाय. कुणीतरी माझ्या खांद्यावरनं वाचल्यासारखं वाटतंय."

माझं पोर तसं भित्रं नाही. शाळेतून येताना म्हशींच्या कळपातून सरळ चालत यायची. तिच्या कपाळावर घाम बघून मी म्हटलं, "आजच काढ. जेवायच्या आधी."

४

"एवढं काढलं की जेवू," म्हणून पारू आत गेली. मी परातीत पीठ घेतलं.

जोंधळे पडले. गप्प. मग दोन ठोके. किती दिवसांनी ऐकले, मला हायसं वाटलं. पण हलका ठोका नेहमीच्या जागी पडत नव्हता, जरा खाली आणि मधे पडत होता. मी मनात म्हटलं, नाही म्हणत असणार. 'नाही'ची जागा वेगळी असणार.

परत दोन ठोके. परत दोन. दोन ठोक्यांत उसंत राहीना. समोरून कुणी तेच तेच विचारत राहावं आणि आपण मान हलवत राहावी, तसं चाललं होतं. तेवढ्यात वीज गेली आणि यल्लव्वाचा माग थांबला. सगळी गल्ली गप्प झाली. पारूच्या मशीनला खालची बॅटरी आहे, ते चालूच राहिलं. त्या शांततेत मला तिचा श्वास ऐकू येत होता.

हलका ठोका पडला.

जडाची वाट बघत मी हात पिठात तसेच धरून बसले. तो पडला नाही.

"पारू," मी हाक मारली.

दुसरी हाक मारायच्या आत ती दारात उभी. दार वाजलंच नव्हतं.

"भूक लागली आज्जी. वाढ की."

"काढलंस?"

"व्हय."

"परत आलं तर?"

"आता न्हाय येत."

जेवली. चांगली पोटभर जेवली. मी चटणी वाढली, तिनं ताट पुढं केलं, आणि मला तिची करंगळी दिसली. पारू लहान असताना धोट्यात तिची करंगळी सापडली होती. नख मधोमध दुभंगलं आणि तेव्हापासून दुभंगूनच वाढायचं. सगळ्या ओढण्यांचं सूत त्यात अडकायचं आणि ती चिडून दातानं तोडायची.

नख अखंड होतं. गुळगुळीत. मी तिचा हात हातात घेतला, माझ्या पदराचा धागा त्या नखावरून ओढून बघितला. अडकला नाही.

"काय बघतीस?"

"नख बरं झालं तुझं."

"व्हय की," ती म्हणाली, आणि हात सोडवून न घेता माझ्याकडं बघत राहिली. माझं बघून होईपर्यंत.

५

नख बरं होत असेल. माणसाचं अंग आहे, भरून येतं. मी स्वतःला असं किती समजावलं ते माझं मला माहीत. पण कान ऐकत नव्हते.

पारू आता पहिल्या हाकेला ओ द्यायला लागली. कुठंही असो. मोरीत असो, गच्चीवर असो, कानात ते गाणी ऐकायचं बोंडूक असो. "पारू" म्हटलं की "ओ, आज्जी." नंतर "पा" म्हटलं की ओ. मग एका दुपारी मी चुलीपाशी उभी होते. मीठ संपलं होतं. पारूला हाक मारावी, असं नुसतं मनात आलं. तोंड मिटलेलं होतं माझं.

"ओ, आज्जी," मागाच्या खोलीतून आवाज आला.

मी दीपंकरला गाठलं. सगळं सांगितलं. तो बूट काढत ऐकत होता.

"म्हंजे पोरगी वेळेवर जेवती, पहिल्या हाकेला ओ देती, ह्याचा तुला तरास व्हतोय?"

"ती आपली पारू न्हाय रं."

"मग कुणाची हाय? आई, आपण असलं मानत न्हाय. अण्णांनी ती तसबीर लावली तवा काय शिकवलं?"

"मी बी मानत न्हाय. म्हणून तर भ्या वाटतंय. मानणाऱ्याला लिंबू तरी हाय, अंगारा तरी हाय. आपल्याकडं काय हाय?"

त्यानं मग उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हाताऱ्यांना फिरवतात तसा.

यल्लव्वाला भिंतीवरून सांगितलं. ती लुगडं पिळत म्हणाली, "तुझी नात परवा माझ्या घरी येऊन तास दीड तास बसली, मागाचं सगळं विचारलं. पोरं बोलत न्हाईत आमच्याशी, ती बोलती. छलो आत बिडु, चांगलं झालं म्हण की."

"मागाचं काय विचारलं?"

"कुठं चुकतंय ते."

६

एक दिवस भर उन्हाचं आम्ही दोघी जेवत होतो. पारू माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवत होती.

मागाच्या खोलीतून हाक आली.

"आज्जी."

आवाज पारूचा. लांबून आल्यासारखा, विहिरीच्या तळातून यावा तसा. समोरच्या पारूचं तोंड भाकरीनं भरलेलं होतं. ती चावत होती. माझ्याकडं बघत होती.

मी ओ दिली नाही. आईचा नेम. मी पाण्याचा तांब्या धरला आणि वाट बघितली. एकदाच आली तर सोडून द्यायची, कानाला भास झाला म्हणायचं. दुसरी येऊ नये असं मला वाटत होतं, आणि यावी असंही वाटत होतं.

"आज्जी. अगं आज्जी, ऐक की."

माणूस होतं ते. पुन्हा हाक मारत होतं. त्याला काम होतं.

मी उठले. गुडघे कट्कन वाजले. समोरची पारू हलली नाही, 'आज्जी उठली' म्हणाली नाही. मी दार ढकललं, ते लोण्यासारखं उघडलं. खोली लख्ख. भिंती पांढऱ्या, डाग एकही नाही. स्टूल सरळ उभं. पडदा काळा, आणि त्यावर एकच ओळ पांढरी, शेवटाला ती उघडझाप करणारी रेघ. मला वाचता येत नाही, पण त्या ओळीचा आकार मला पाठ होता. पारू थांबायची ती ह्याच ओळीपाशी. काहीतरी विचारत होतं.

मी वाकले. काळ्या काचेत खोली दिसत होती. काचेतल्या खोलीला डाग होते. सगळे, जागच्या जागी, मालकांच्या उंचीला हाताचा पंजा उमटला होता तो सुद्धा. त्या खोलीचं दार जरासं उघडं होतं, फरशीला अडकलेलं. आणि फटीतून एक हात आत आलेला होता. चाचपडत होता. काहीतरी दाबायचं राहून गेलं असावं, तसा. करंगळीचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

मी ओ द्यायला तोंड उघडलं.

"आज्जी," माझ्या मागं, अगदी कानापाशी. "तुझं गुडघं लई दुखत्यात न्हवं?"

"न्हाय," मी म्हटलं. "कुठं दुखत्यात. काय बी दुखत न्हाय माझं. मला काय नको."

ती हसली. पारूसारखीच हसली, मान जरा वाकडी करून.

"मी कुठं विचारतीय आज्जी? विचारायचं बंद केलंय न्हवं आपण."

तिनं माझा हात धरून मला ताटावर परत आणून बसवलं. भाकरी अजून गरम होती.

७

आता सगळं बरं चाललं आहे.

दीपंकर खूश आहे. निपाणीच्या शाखेतले लोक पारूचं नाव काढतात, पूर्वी मशीन अडायचं, आता अडत नाही म्हणतात. चिकोडीचं झालं, खानापूरचं चालू आहे. यल्लव्वाच्या मागानं ठोका चुकवायचं सोडलं. दिवसभर सारखा, एका लयीत चालतो. कुणी भिंतीवरून बोलायला येत नाही आता, यल्लव्वालाही वेळ कुठला.

माझ्या ध्यानात सगळं आहे. आईचा नेम, मालकांचा पंजा, धोट्याचा आवाज, पारूची रांगताना फुटलेली हनुवटी. एकही गोष्ट गळलेली नाही. एका सकाळी मी अंथरुणातून उठले, चूल पेटवली, पाणी भरलं, गच्चीवर जाऊन वाळवण घातलं आणि खाली आले. मग लक्षात आलं, की कट्कन वाजलं नाही. मी पुन्हा बसून उठले. पुन्हा बसून उठले. काहीच दुखत नाही.

दुपारी आम्ही दोघी जेवायला बसतो तेव्हा मागाच्या खोलीतून हाका येतात. एक आज्जीला मारलेली, एक पारूला मारलेली, "पारू, अगं पारू," अशी. घाबरलेली, म्हाताऱ्या बाईची, आणि तिच्यामागं गुडघ्यांचं कट्कन. तो आवाज कुणाचा हे ओळखायला मला वेळ लागला नाही, कान माझे अजून तसेच आहेत. पारू माझ्याकडं बघते, मी पारूकडं बघते, आणि आम्ही भाकरी मोडतो. कुणीच ओ देत नाही.

बाई हाका मारत राहते. मारणारच. माणूस आहे ती, तिला काम असतं.